पाठीमागचं रडणं

शांभवीचं लग्न ठरलं तेव्हा ओरत्तनाडूच्या तिच्या आईला चार दिवस घास गोड लागला नाही. मुलगा बँकेत, घर तंजावूरचं, माणसं आपल्यातलीच, मराठी. सगळं चांगलं. पण होणारा सासरा?

"तोच ना गे तो?" आई म्हणाली. "सुनेला उपाशी गोठ्यात कोंडणारा? मी पाहिलंय डोळ्यांनी. पोंगलच्या आठवड्यात."

"आई, ती सीरियल होती."

"असेल सीरियल. पण मनात असल्याशिवाय डोळ्यांत येतं का तसं?"

कृष्णाजीरावांच्या डोळ्यांत काय काय यायचं, याचा हिशेब त्यांच्या घरात कुणीच ठेवला नव्हता. सव्वीस वर्षं ते चेन्नईला जाऊन तमिळ सीरियलींत कामं करत होते. महिन्याचे बारा-पंधरा दिवस तिकडे, उरलेले इकडे. हिरो कधीच नाही, मुख्य खलनायकही नाही. हिरॉइनचा मामा, खलनायकाचा मुनीम, तुरुंगाचा वॉर्डन, देवळातला गुरुजी, डॉक्टर, जज, दारुडा बाप, संन्यासी. अकरा वेळा ते मेले होते. मेल्याचा शॉट झाला की उठण्याआधी कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, म्हणजे मरण अंगाला चिकटत नाही, असा त्या धंद्यातला रिवाज. तो त्यांनी अकराही वेळा पाळला होता. कीळवासलच्या बाजारात शेवग्याच्या शेंगा विकणारी बाई त्यांना अजून शेंगा देत नाही, कारण एका सीरियलीत त्यांनी बहिणीची जमीन लाटली होती. आणि स्टॅंडवरचा एक ऑटोवाला त्यांना बघून बिडी लपवतो, कारण त्याच्या लेखी ते जज.

घरातला माणूस मात्र अगदीच वेगळा. मध्यम उंची, कमी बोलणं, रस्त्यात दोनदा दिसला तरी लक्षात राहू नये असा चेहरा. "पुसलेली पाटी," सीतालक्ष्मी, त्यांची बायको, म्हणायच्या. "मला बघायला आले तेव्हाही कोरीच होती. म्हटलं, लिहायला जागा आहे, करून टाकू."

कृष्णाजीराव हसायचे. शांभवीला वाटायचं, ऐकून हसतात.

मग प्रणवेश पोटात असताना सीतालक्ष्मींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि एका सकाळी त्यांनी सुनेला हाक मारली. "काय करूलालीस? ये गे, बस इथं, ह्यांच्या समोर. आजपासून हे काम तुझं." त्यांनी तिच्या हातात फोन दिला. त्यावर तमिळमध्ये टाइप केलेले सीन आले होते, दुसऱ्या दिवशीच्या शूटिंगचे. "वाच. पण आवाज नको. नुसते ओठ हलव."

"आवाज का नको, आत्याबाई?"

"आवाजाचा उपयोग काय? त्यांना ऐकू येत नाही."

डब्यातली साखर संपली असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. शांभवीने सासऱ्यांकडे पाहिलं. ते कमरेच्या वेष्टीची घडी नीट करत होते आणि तिच्या तोंडाकडे बघत होते. लग्न झाल्यापासून ते तिच्या तोंडाकडेच बघत आले होते, हे तिला त्या क्षणी कळलं. तिला वाटलं होतं, मामंजी सुनेचं बोलणं किती मन लावून ऐकतात.

नस वाळली, असं तिरुच्चीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. यंत्र लावून पाहिलं. "भांडी पडल्यासारखं होतं," कृष्णाजीराव म्हणाले, "शब्द येत नाही." यंत्र कपाटात गेलं. ही गोष्ट सीतालक्ष्मींना, शांभवीच्या नवऱ्याला, म्हणजे वरुणला, आणि डॉक्टरांना माहीत होती. आता तिला.

"पण मग सेटवर कसं चालतं?"

"सगळ्यांत तिथंच बरं चालतं," सीतालक्ष्मी म्हणाल्या. "घरात मी काय बोलेन ते कुठं लिहून ठेवलेलं असतं?"

तमिळ सीरियलींत बहुतेक नट संवाद पाठ करत नाहीत. कॅमेऱ्याच्या बाजूला असिस्टंट कागद घेऊन उभा असतो. तो एकेक वाक्य मोठ्याने सांगतो, नट ते चेहऱ्यावर घेऊन म्हणतो. असिस्टंटचा आवाज मागाहून पुसला जातो. कृष्णाजीरावांना तो आवाज येईनासा झाला तेव्हा त्यांनी सीनच्या सीन पाठ करायला घेतला. स्वतःचा नुसता नव्हे, सगळ्यांचा. कोण काय म्हणेल, म्हणताना कुठे श्वास घेईल, कुणाच्या गळ्याची शीर आधी हलते, कोण वाक्य संपवताना भुवई खाली आणतो. समोरच्याची भुवई खाली आली की ह्यांचं वाक्य सुरू. सेटवर बोलबाला झाला, पेरियवर, म्हणजे थोरले, प्रॉम्प्टिंग घेत नाहीत! नवी पोरं ते आले की खुर्चीवरून उठू लागली. लोक ज्याला मान देत होते ती त्यांची अडचण होती.

शांभवी रोज तासभर वाचू लागली. आधी पोटाला हात लावून, मग प्रणवेशला मांडीवर घेऊन. एकदा एका सीनमध्ये घर सोडून जाणारी मुलगी होती, तिला अडवणारी आई आणि गप्प बसलेला बाप. तिने ओठ हलवून तिघांचं वाचलं. कृष्णाजीराव दोन मिनिटं भिंतीकडे बघत बसले आणि मग त्यांनी ते तिघांचं करून दाखवलं. जागचे उठले नाहीत. मान जरा तिरकी झाली आणि बाकावर एकोणीस वर्षांची, जाऊ की नको असं झालेली मुलगी बसली होती. खांदे पडले, ती आई. मग बाप. बापाला संवाद नव्हता. ते नुसते बसले आणि शांभवीला वाटलं, खोलीतली हवा कुणीतरी वजनात मोजून दिली आहे.

"मामंजी," तिने ओठांनीच विचारलं, "हे येतं कुठून?"

त्यांनी विचार केला. "मी येत नाही मधे," ते म्हणाले. "एवढंच."

*

त्या वर्षी त्यांना अशी भूमिका मिळाली जी सव्वीस वर्षांत मिळाली नव्हती. नव्या सीरियलीत हेडमास्तर असलेला आजोबा. पळून जाऊन लग्न केलेल्या मुलीचं तोंड न पाहणारा. सुरुवातीच्या पाट्यांत त्यांचं नाव आजवर दहा-बारा नावांच्या गर्दीत वर सरकून जायचं; वाचायच्या आत नाहीसं. ह्या वेळी ते एकटं आलं. तीन सेकंद थांबलं. सीतालक्ष्मी टीव्हीला नाक लावून उभ्या राहिल्या. "दिसत नाही," त्या म्हणाल्या, "पण आहे ना गे?" "आहे, आत्याबाई." "एकटंच?" "एकटंच."

ह्यातच भीतीही होती. डायरेक्टर हरिता, बत्तीस-तेहतिशीची, कडक मुलगी. तिच्या सेटवर आवाज जागेवरच रेकॉर्ड होई. प्रॉम्प्टिंग बंद, सगळ्यांनी पाठ करून यायचं. ते ह्यांच्या पथ्यावरच पडलं होतं. पण ती ऐन वेळी सीन बदलायची. आणि सीरियलीत माणूस बदलायला एक दिवस लागतो, हे कृष्णाजीरावांनी पाहिलं होतं. त्यांच्याबरोबर वीस वर्षं काम केलेल्या एका नटाचे गुडघे गेले. सोमवारी तो होता, मंगळवारी पडद्यावर पाटी आली, ह्यांच्याऐवजी आता हे. बुधवारपर्यंत लोकांना नव्या माणसाची सवय झाली. "बहिऱ्या हेडमास्तराला," कृष्णाजीराव म्हणाले, "दुपारपर्यंतही ठेवणार नाहीत."

मार्चमध्ये युनिट आठवड्याभरासाठी तिरुवैयारुला आलं. नदीकाठच्या गल्लीत एक जुनं घर भाड्याने घेतलं होतं. बदललेले सीन तिथेच हातात पडणार, म्हणून शांभवी बरोबर गेली. युनिटला सांगितलं, सुनेला शूटिंग बघायचंय. आठ महिन्यांचा प्रणवेश कडेवर. गाडीत बसून ती सासऱ्यांशी गप्पा मारल्यासारखे ओठ हलवायची. बघणाऱ्याला वाटावं, काय जमतं ह्या दोघांचं!

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी बाळ घेऊन बापाच्या दारात येते, तो सीन होता. साईप्रिया नावाची हसरी मुलगी ते काम करत होती. बाप खिडकीशी पाठमोरा उभा. मुलगी चार वाक्यं बोलते, तो वळत नाही. ती लुगड्याच्या घडीवर बाळाला जमिनीवर ठेवते आणि निघून जाते. बाप तसाच उभा. मग बाळ रडतं. ते ऐकून तो वळतो, उचलतो, म्हणतो, "ह्याला भूक लागली असेल." संपला सीन.

शांभवीने वाचता वाचता ओठ थांबवले.

"काय?" त्यांनी विचारलं.

"मामंजी, ह्यात तुम्ही पाठमोरे आहात."

"तिची चार वाक्यं मी मोजेन. पावलं फरशीवर वाजतात ती तळव्यांना कळतात."

"आणि बाळ रडेल ते?"

मोठा माणूस कसा बोलेल ते पाठ करता येतं. तान्हं मूल कधी रडेल, हे कुणी पाठ करायचं?

"तू समोर उभी राहा," ते म्हणाले. "खिडकीबाहेर. रडलं की हात वर कर."

ठरलं. आणि तेवढ्यात हरिता स्वतः गाडीपाशी आली. ज्या बाळाला आणायचं होतं त्याला ताप भरला होता. तिने प्रणवेशकडे पाहिलं. "अक्का, तुमचं देता का? पाच मिनिटं. खाली नवं कापड घालते, पंखा लावते, साईप्रिया आणि सार सोडून कुणी हात लावणार नाही. शॉट झाला की लगेच तुम्ही घ्या."

"तो रडेल का पण?" शांभवी म्हणाली. नकार द्यायला तिला दुसरं काही सुचलं नाही.

"तुम्ही दिसेनाशा झालात की रडेल की. तुम्ही कॅमेऱ्यात न येता त्याच्याजवळच बसा, साईप्रिया गेली की दाराआड व्हा."

म्हणजे ती आत असणार. सासऱ्यांच्या पाठीमागे. खिडकीबाहेर हात वर करायला कुणीच नव्हतं.

तिने मामंजींकडे पाहिलं. त्यांनी हरिताचे ओठ वाचले होते. नाही म्हणायला एक शब्द पुरे होता, आणि त्या शब्दामागून दहा प्रश्न आले असते. "दे," ते मराठीत म्हणाले. "बघू."

*

एक कॅमेरा खिडकीबाहेर, गजांतून आत बघणारा. त्यात पुढे कृष्णाजीरावांचा चेहरा आणि मागे जमिनीवर बाळ. रस्त्यापलीकडच्या ओट्यांवर गल्ली जमली होती. पोरं, फोन धरलेले पुरुष, मोगऱ्याचे गजरे ओवणारी एक बाई, काठी टेकून बसलेली एक म्हातारी. त्यांना गप्प राहायला सांगितलं होतं आणि ती राहिली होती.

क्लॅप त्यांच्या तोंडासमोर झाला. साईप्रियाने चार वाक्यं म्हटली, शेवटच्याला तिचा आवाज फाटला. कृष्णाजीरावांची पाठ हलली नाही. तिने बाळ ठेवलं, पावलं वाजवत गेली. शांभवी बसल्या बसल्या सरकत दाराआड झाली.

प्रणवेशने आधी पंखा पाहिला. मग डावीकडे, मग उजवीकडे. आई जिथे होती तिथे कुणीच नाही. त्याचा खालचा ओठ पुढे आला. आणि तो रडला.

कृष्णाजीराव वळले नाहीत.

तो पुन्हा रडला, मोठ्याने. ते वळले नाहीत. साउंडवाल्याने मागच्या कोपऱ्यात उभ्या हरिताकडे पाहिलं. हरिताने बोट वर केलं, थांब. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते शांभवी दाराच्या फटीतून बघत होती. डायरेक्टरला वाटत होतं, काय दगड उभा केलाय म्हाताऱ्याने! सगळ्या युनिटला तेच वाटत होतं. लाइटवाला हातातला टेबलफॅन तसाच धरून थिजला होता. फक्त शांभवीला माहीत होतं की तो दगड नव्हे. तो एक माणूस होता, आंधळ्यासारखा खिडकीशी उभा, आणि त्याच्या पाठीमागे त्याचा नातू त्याला हाका मारत होता. रडण्याला आता उचकी लागली होती. शांभवीचा पान्हा फुटून ब्लाउज ओला झाला. धावत जावं तर मामंजींचं सगळं गेलं, न जावं तर हे. दाराची कडी तिने इतकी घट्ट धरली की तळहातावर वळ उठला.

आणि मग त्यांचे डोळे हलले. मान नाही, डोळेच. खिडकीबाहेर, कॅमेऱ्याच्या वर, रस्त्यापलीकडे.

गजरे ओवणाऱ्या बाईची बोटं थांबली होती. एका पोरीने धाकट्या भावाला जवळ ओढलं होतं. काठीवाली म्हातारी अर्धवट उठून उभी राहिली होती, आणि तिचा हात आपोआप तिच्या छातीवर गेला होता, जिथे पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी पीत होतं.

कृष्णाजीराव एक चेहरा बघून वळले नाहीत. एकाने माणूस फसतो. त्यांनी दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. त्या ओट्यावरच्या प्रत्येक चेहऱ्यावर त्यांच्या नातवाचं रडणं उमटलं होतं, आणि सव्वीस वर्षं लोकांचे चेहरेच वाचत आलेल्या माणसाने ते वाचलं. मग ते वळले. आधी खांदा, मग मान, मग पाय. म्हातारं झाड मुळासकट फिरावं तसे. गुडघ्यांवर बसले. बाळाला उचललं. संवाद म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि तो आला नाही. त्यांनी बाळाला छातीशी धरलं, तेवढंच.

"कट," हरिता म्हणाली, पण इतक्या हळू की कॅमेरा आणखी थोडा वेळ चालूच राहिला. मग टाळ्या झाल्या. रस्त्यापलीकडेही झाल्या. शांभवी धावली, तिने मूल घेतलं, पदराआड धरलं. प्रणवेश चुपचाप पिऊ लागला, मधेच एक उचकी देत.

"सार!" हरिताचे डोळे ओले होते. "अठ्ठेचाळीस सेकंद! मी कधी पाहिलं नाही असलं. आता हेच एकदा लांबून, वाइड घेऊ. तेवढाच पॉज, तसंच. बाळाला पुन्हा ठेवूया."

ते बाळाकडे बघत होते. हरिता पाठीशी होती.

"सार?" ती म्हणाली. "सार, वन मोर."

शांभवीने मान वर करून ओठ हलवले. *परत हवंय. तसंच. बाळ परत ठेवायचं.*

कृष्णाजीरावांनी सुनेकडे पाहिलं, बाळाच्या ओल्या पापण्यांकडे पाहिलं आणि वळले. "होणार नाही, अम्मा," ते तमिळमध्ये म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. स्वतःला ऐकू न येणाऱ्याचा असतो तसा. "तो पॉज नव्हता. मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. मूल रडत होतं आणि मला माहीतच नव्हतं. त्याला पुन्हा जमिनीवर ठेवू नका."

एका 'हो'वर सगळं निभलं असतं. अजून एक मिनिट रडून बाळं काही मरत नाहीत. ज्या माणसाने दोन वर्षं दुसऱ्यांची भुवई न् भुवई पाठ करून आपली जागा राखली, त्याने ती एका उचकीसाठी सोडून दिली होती, आणि तो उभा कसा होता, तर कॅमेऱ्याचं काम संपलं की उभा राहतो तसा. कोरा. मधे न येता.

हरिताला राग आला. "परवा नदीच्या पायऱ्यांजवळ तुमच्या मागे जनरेटरची गाडी रिव्हर्स येत होती. आम्ही सगळे ओरडत होतो. तुम्ही हलला नाहीत, मला वाटलं कॅरेक्टरमध्ये आहात. मेला असतात, सार! मला सांगायला नको?"

तिचे ओठ भरभर हलत होते. "सावकाश, अम्मा," ते म्हणाले. "रागावलात एवढं कळलं. पुढचं नाही."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. हरिताने कपाळाला हात लावला. मग ती फिरून बरोबर त्यांच्या समोर आली, उजेडात, आणि एकेक शब्द वेगळा करून बोलली. "वाइड घेणार नाही. आहे ते पुरेल. उद्यापासून क्लॅप तुमच्या समोर. कट झाला की मी हात असा खाली करीन. पाठमोरे शॉट मी घेणार नाही. आणि सीन आदल्या संध्याकाळी येतील, बदलणार नाहीत. तुमच्यासाठी नाही, माझं डोकं शाबूत राहावं म्हणून."

"चॅनेलवाले?"

"माझ्या सेटवर कोण उभं राहील ते मी ठरवते. सात वाजता गाडी येईल." ती दोन पावलं गेली, परत आली, पुन्हा समोर उभी राहिली. "मग वळलात कसे?"

त्यांनी खिडकीकडे बोट केलं. पलीकडच्या ओट्यावर म्हातारी अजून उभी होती, मान उंचावून, बाळ थांबलं का ते बघत.

*

दुपारी गाडीत दोघंच होती, मध्ये प्रणवेश. कृष्णाजीराव नातवाचं बोट धरून बसले होते. गाव मागे पडल्यावर म्हणाले, "एक विचारू? हा रडतो तो कसा रडतो?"

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. बाळ आठ महिन्यांचं होतं आणि ह्यांचे कान दोन वर्षांपूर्वीच गेले होते. सीरियलीतल्या सगळ्यांचे संवाद तिने त्यांना वाचून दाखवले होते. ह्याचा कधी दाखवला नव्हता. ह्याचा कुठे लिहिलेला होता?

आवाज ओठांनी कसा सांगायचा? तिने प्रयत्न केला. खालचा ओठ पुढे काढला. भुवया मधोमध उचलल्या. श्वास आत घेतला, रोखून धरला, तिसऱ्या ठोक्याला सोडला. ड्रायव्हरने आरशात बघून पटकन नजर वळवली. तिने पर्वा केली नाही. उचकी कशी येते, दोन रडण्यांच्या मधे तो कसा थांबून बघतो, कुणी येतंय का, तेही केलं.

कृष्णाजीराव बघत राहिले. "परत," म्हणाले. तिने परत केलं.

मग ते खिडकीबाहेर, कावेरीच्या बाजूच्या केळींकडे जरा वेळ बघत बसले, आणि त्यांनी मान वळवली तेव्हा शांभवीचा हात आपसूक पुढे गेला, उचलून घ्यायला. चौसष्ट वर्षांच्या, सुरकुत्या पडलेल्या, पांढऱ्या मिशीच्या त्या चेहऱ्यावर तिचं मूल होतं. आई कुठेतरी गेली आहे, आणि जगात दुसरं काहीच नाही. ओठ, भुवया, रोखलेला श्वास, आणि मधलं ते थांबून बघणं, जे तिने नीट दाखवलंसुद्धा नव्हतं.

प्रणवेश आजोबांकडे टक लावून बघत होता. त्याने आपली ओली मूठ उचलली आणि त्यांच्या गालावर ठेवली, आई त्याच्या गालावर हात ठेवते तशी.